नव्या भिंतीला जर्मन औषध

आमच्या नव्या घराचा रंग पोपडे धरून सुटला, असं माझी बायको सांगते. ती सरळ बाई आहे, तिच्या सांगण्यात मजा नसते. खरं म्हणजे रंग भिंतीवरून अख्खाच्या अख्खा उतरला, गादीवरची चादर ओढावी तसा, आणि खाली निजलेल्या मांजराला गुंडाळून घेऊन पडला. मांजर पिस्ता रंगाचं होऊन जे सुटलं ते वलवण धरणाच्या भिंतीवर जाऊन थांबलं. आजही आमच्या वस्तीत एखादं पिल्लू कानाशी जरा हिरवट निघतं.

मी लोणावळ्यात टुरिस्ट गाडी चालवतो. खोटं बोलायचा परवाना आरटीओ वेगळा देत नाही, तो गाडीबरोबरच येतो. समोरचा डोंगर पूर्वी रस्त्याच्या उजवीकडे होता, एक्सप्रेस वेच्या वेळी ढकलून डावीकडे नेला, असं मी पाहुण्यांना सांगितलंय आणि त्यांनी त्या डोंगराचे फोटो काढलेत. शिरगावच्या साईबाबांना निघालेल्या एका कुटुंबाला मी वाटेत इतक्या गोष्टी सांगितल्या की उतरताना त्यांनी आधी मलाच नमस्कार केला. तेव्हा मांजराचं तेवढं तुम्ही वजा करून घ्या. पुढचं करू नका.

माझ्या बापानं, म्हणजे आबांनी, सगळा जन्म धरणाकाठच्या एका बंगल्यावर काढला. बंगला मुंबईच्या एका साहेबांचा. साहेब शनिवार-रविवारी यायचे. बाकीचे दिवस बाग, मोटर, कुलपं, गटार, साप, सगळं आबांकडे. बंगल्यामागच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही राहायचो. मी तिथंच जन्मलो, म्हणून शाळेत पोरांना सांगायचो की माझा जन्म बंगल्यात झाला. आमची स्वतःची जागा वस्तीत होती, पण तिच्यावर चार खांब आणि गवताशिवाय काही नव्हतं.

लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला कवितेतला माहीत असेल. आम्हाला तो रंग खाणारा म्हणून माहीत आहे. तो बाहेरच्या भिंतींचा रंग चाटून पुसून नेतो, त्यामुळे बंगल्याला दर दिवाळीआधी रंगारी लागायचे. त्यांच्या हाताखाली वावरून आबा शिकले, आणि पुढं लहानसहान खोल्या त्यांच्याकडेच आल्या. मग एका वर्षी साहेबांनी गॅरेजवर नवी खोली बांधली. नवं कोरं प्लास्टर. आबांनी डबा फोडला, तांब्याभर पाणी ओतलं आणि काठीनं ढवळायला लागले. नव्या प्लास्टरला पहिला हात पातळच लागतो. ते कोरडं ठणठणीत असतं, आधी त्याला पाजावं लागतं, मग ते रंग धरतं. हे सगळे रंगारी जाणतात. साहेब जाणत नव्हते.

साहेब पाहुणे घेऊन जिना चढले, आणि नेमकं पाणी पडताना त्यांनी पाहिलं.

"काय मामा," ते म्हणाले, "दूधवाल्याचा धंदा सुरू केला की काय? वाचलेला रंग कुठं जातो मग? घरी?"

पाहुणे हसले. इथपर्यंत ती चेष्टा होती असं धरून चालू. पण बाईसाहेब खालून म्हणाल्या, "हसताय काय, पिशवी बघा ना त्यांची." मग आबा खाली उतरले, आपली कापडी पिशवी आणली आणि हिरवळीवर सगळ्यांसमोर उलटी केली. अर्धी भाकरी, कांदा, फडक्यात बांधलेली चटणी. आई तिथंच नळावर पाहुण्यांची भांडी घासत होती. तिनं सगळं पाहिलं. साहेब "अरे मामा, गंमत केली" म्हणाले आणि वर गेले. आबांनी भाकरी उचलली, तिला लागलेलं गवत झाडलं, आणि ती खोली पूर्ण केली. त्या रंगाचा नखाएवढा टवका आजवर उडालेला नाही.

नोकरी सोडली का नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. आबा म्हणाले, "सोडून कुटं जायचं? तुज्या शाळंच्या बाकावर निजायचं व्हय समद्यांनी?"

ते गुडघे जाईपर्यंत तिथंच राबले. मी गाडी घेतली, आई थकली, आणि गेल्या वर्षी वस्तीतल्या त्या चार खांबांच्या जागी आम्ही घर बांधलं. बाहेरून नुसतं प्लास्टर, राखाडी, कारण बाहेर रंग लावण्याइतका दम कुणाच्यात उरला नव्हता. पण आतला हॉल रंगवायचाच, हे आबांनी जाहीर केलं होतं. रंगही ठरलेला. पिस्ता. गॅरेजवरच्या खोलीचा.

प्लास्टर संपवून गवंडी हात धुवायला लागला तेव्हा आबांनी त्याची थापी हातात घेतली. "आरशावानी पायजे," म्हणाले, आणि भिंतीवर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटायला बसले. गवंडी म्हणाला, "आबा, बास करा, लय गुळगुळीत बरी न्हवं." आबांना ऐकू आलं नाही. गुडघे गेलेला माणूस स्टुलावर बसून घोटत राहिला. ती भिंत अशी झाली की मी तिच्यात बघून दाढी केली आणि मागून येणाऱ्या बायकोला ओव्हरटेक करू दिलं. पुढं कितीतरी दिवस ते भिंतीवर पाणी मारत होते, सकाळ-संध्याकाळ. प्लास्टरला पाणी पाजण्यात कसली कुचराई नाही. पण रंगाचा डबा घरात आला आणि कायदा बदलला.

"ह्यात पान्याचा थेंब पडता कामा नये," आबा म्हणाले.

"पहिल्या हाताला तरी?" मी विचारलं.

"थेंब न्हाई."

आईचा हंडा ओट्यावर हलवण्यात आला. डब्यावर वाकण्याआधी कपाळाचा घाम पुसायचा हुकूम निघाला. रंग श्रीखंडासारखा घट्ट. ब्रश त्यात शिरला की चिखलात बसलेल्या म्हशीसारखा, उठायचं नाव घेईना. मी ओढतोय, बायको मला ओढतेय. रंग असा जाड बसला की खोली चारी बाजूंनी वीतभर आत आली. आबा दारात बसून बघत होते आणि त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं समाधान होतं.

मग ते काठी टेकत एकटेच बंगल्यावर गेले आणि साहेबांना गृहप्रवेशाचं आमंत्रण देऊन आले. रविवार होता म्हणून साहेब बंगल्यावर होते. साहेब म्हणाले होते, येणारच, मामा.

आई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "अवो, यिऊन काय करायचं त्यानं?"

"भिंतीवर अंगठा फिरवायचा," आबा म्हणाले. "बाकी काय न्हाई. पानी घालतोय का मी, ते बघायचं."

"येवडी वर्सं झाली."

"म्हनून तर."

एवढंच. त्या घरात आम्ही राहणार होतो, नातवंडं वाढणार होती, पण आबांनी ते बांधलं होतं एका अंगठ्यासाठी.

गृहप्रवेशाच्या तयारीत बायकोनं भिंतीवर कागदी पताका लावल्या, चिकटपट्टीनं. एक माळ वाकडी झाली म्हणून तिनं पट्टी ओढली. पट्टी निघाली आणि मागोमाग रंग निघाला, लांबच लांब, केळीचं सोपट सोलावं तसा. खाली भिंत जशीच्या तशी, गुळगुळीत, चकचकीत, जणू तिला कधी रंग लावलाच नव्हता. बायकोनं भीतभीत दुसऱ्या ठिकाणी नख लावलं. तिथंही तेच. मांजराचं मी मघाशी सांगितलंच.

आबा उठून आले. त्यांनी ती सोललेली पट्टी हातात घेतली, उलटी केली, मागची बाजू बघितली. मागच्या बाजूला भिंतीचा कणही नव्हता. ते परत दारात जाऊन बसले.

मी गाडी काढली आणि लोणावळा बाजारातल्या रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार एका बंगलेवाल्याशी बोलत होता, म्हणून मी थांबलो. आमच्या गावात बंगलेवाला बोलत असेल तर सगळेच थांबतात. मग तो माझ्याकडे वळला.

"पहिल्या हाताला पाणी किती घातलं?"

"नाही घातलं."

"अजिबात?"

"थेंब नाही."

टायगर पॉइंटला माकडाला चिप्स देऊन वर पर्सही देणाऱ्या पाहुण्याकडे मी बघतो, तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. "मग त्याचं कातडंच होणार. त्यात भिंत घोटलेली असेल तर संपलंच. सगळा खरवडा, पॉलिश पेपर मारून भिंत खरबरीत करा, ओल्या फडक्यानं धूळ पुसा, आणि पहिला हात पाण्यासारखा पातळ. घरात कुणी जाणतं माणूस नव्हतं का?"

होतं की. तेच तर होतं.

घरी येऊन मी आबांसमोर बसलो. "आबा, पाणी घालावं लागंल."

"न्हाई."

"निस्ता पयला हात."

"न्हाई म्हनलं ना."

"अवो, तुमी सोता त्या गॅरेजवरच्या खोलीला..."

त्यांनी हात वर केला. "त्या खोलीचं नाव हितं काढायचं न्हाई."

आई आतून म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या तशीच. गजकर्ण झाल्यावानी भिंत, आन् तिच्याफुडं बुद्धवंदना. सायबाला सांगा, अंगठा लावू नका, न्हाईतर भिंत तुमच्यासंगं बंगल्यावर येईल."

आई बाहेर आली. "चोर म्हनला तो. आन् तुमी त्याचं ऐकून सोताच्या घराला उपाशी ठेवताय. पानी घालनं म्हंजी चोरी, आसं त्यो म्हनला. तुमीबी तेच म्हनताय की."

मी एवढी वर्षं गाडी चालवतोय, पण आईसारखा ब्रेक लावायला मला जमत नाही. घर गप्पकन थांबलं. आबांचा हट्ट मात्र हलला नाही. दिवस थोडे उरले होते. मग मी माझा धंदा घरात आणला.

गाडीत इंजिन थंड ठेवायच्या कूलंटचा एक रिकामा पांढरा कॅन पडला होता, त्यावर कसलीशी परदेशी अक्षरं. तो धुतला, नळाखाली धरला, झाकण घट्ट लावलं, आणि पोटाशी धरून, तोल सांभाळत, दूध सांडेल अशा चालीनं घरात आणला.

"हे काय?" आबांनी विचारलं.

"औषध. जर्मन." मग मी सुरू झालो. एक जर्मन पाहुणा, त्याला कार्ल्याची लेणी दाखवली. त्याचा तिकडं रंगाचा कारखाना. तिकडं नुसता बर्फ, भिंती सगळ्या घामाघूम, पण रंग जागचा हलत नाही, कारण पहिल्या हाताला ते हेच घालतात. त्यानं माझ्यावर खूश होऊन तिकडून पाठवलं. विमानानं. विमानात कॅनला वेगळी सीट होती, पट्टा बांधलेला.

बायको पाठ करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. आईनं पदर तोंडाला लावला.

आबांनी झाकण उघडलं. वास घेतला. बोट बुडवून जिभेला लावलं.

"कडू हाय," ते म्हणाले.

"विषारी असतंय, थुका!"

ते उठून ओट्यावर गेले आणि नीट थुंकून आले. मग म्हणाले, "किती घालायचं?"

"त्यानं सांगितलं नाही. तुमीच बघा."

त्यांनी कॅन उचलला. मोजलं नाही, विचारलं नाही. ओतलं, काठीनं ढवळलं, काठी वर उचलून धार बघितली, अजून थोडं ओतलं, परत धार बघितली. त्या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

त्याआधी आम्ही सगळ्यांनी मिळून ती भिंत खरवडली होती, पत्र्याच्या पट्ट्यांनी, उलथन्यांनी, आईनं तर विळीच्या पात्यानं. पॉलिश पेपर मारमारून आरशाचा चकचकाट घालवला. आम्ही पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखे पांढरे झालो होतो. एक शेजारीण डोकावली आणि कुणाच्या तरी मयताला आलीय अशा आवाजात "काय झालं हो?" म्हणाली. मग ओलं फडकं, मग पातळ हात. भिंतीनं तो घटाघटा प्यायला. वाळल्यावर दुसरा, जरा घट्ट. मग आईनं चिकटपट्टी घेतली, भिंतीवर दाबून बसवली आणि झटक्यानं ओढली. पट्टी कोरी निघाली. तिनं ती आबांच्या दंडावर चिकटवली.

"घ्या तुमचं मेडल."

आबांनी ती काढली नाही.

रविवारी वडगावचे बौद्धाचार्य आले, त्रिशरण, पंचशील, सगळं रीतसर झालं. वस्ती जेवली. खिरीची तारीफ झाली, भिंतीची झाली, जयभीम-जयभीम करत माणसं पांगली. भिंतीला लागून एक खुर्ची ठेवली होती, तिच्यावर नवा टॉवेल. तिच्यावर आबांनी कुणाला बसू दिलं नाही. बौद्धाचार्यांनाही दुसरी दिली.

उन्हं कलली तेव्हा रस्त्यावर हॉर्न वाजला. आबा गुडघे विसरून उठले. मोठी गाडी, मागे आणखी एक. काच अर्धी खाली आली.

"मामा! अरे वा!" साहेब आतूनच म्हणाले. "छान रंग काढला हं. मस्त."

त्यांनी हनुवटीनं दाखवलं ते आमच्या शेजाऱ्याचं घर होतं. दोन मजली, गुलाबी.

आबांनी त्या गुलाबी घराकडे बघितलं. "व्हय सायेब," म्हणाले. मग, "पाच मिनिटं आत या ना. च्या तरी."

"नको मामा, मागच्या गाडीत गेस्ट आहेत. घाटात ट्रॅफिक बघितलं ना किती होतं? हे घ्या." खिडकीतून एक खोका बाहेर आला. चिक्की होती. लोणावळ्यात जन्मलेल्या माणसाला लोणावळ्याची चिक्की, हायवेवरच्या दुकानातून घेतलेली. "आणि ऐका. टेरेसवर नवी खोली काढलीय. साला रंगच राहत नाही, पोपडे निघतायत. या वेळी मी दोन दिवस जास्त आहे, उद्या येऊन बघा. गॅरेजवरचा तुमच्या हातचा रंग बघा अजून कसा आहे. कमाल आहे तुमची."

काच वर गेली.

आबा रस्त्यात उभे राहिले. ज्या शब्दासाठी त्यांनी घर बांधलं होतं तो शब्द आला होता, चालत्या गाडीतून, चिक्कीबरोबर, कामाच्या आधी लावलेला. साहेबांना पिशवी आठवतही नव्हती. ते गवत, ती भाकरी, सगळं फक्त आमच्याकडेच जपून ठेवलेलं होतं.

आईनं खोका घेतला आणि जोरात दगडावर आपटला. "मांजराला घाला," म्हणाली.

आबा आत आले, खुर्चीवरचा टॉवेल काढून घडी घातली आणि अंगठा भिंतीवर ठेवला. वरपासून खालपर्यंत फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते जर्मन औषध हाय का उरलेलं?"

"हाय की. का?"

"उद्या बंगल्यावर न्यायचं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीतून सोडलं आणि तिथंच थांबलो. टेरेसवरच्या खोलीची भिंत आबांनी साहेबांच्या माणसांकडून खरवडून, घासून, पुसून घेतली. मग डबा फोडला. साहेब बाजूला उभे. आबांनी कॅनचं झाकण काढलं आणि सावकाश, त्यांना दिसेल असं, ओतायला लागले.

"हे काय घालताय, मामा?"

"औषध, सायेब. जर्मन हाय."

साहेबांनी कॅन हातात घेतला, फिरवून अक्षरं वाचली. ती कूलंटची होती. त्यांनी मान डोलावली. "इम्पोर्टेड आहे. घाला, घाला, मामा. कंजुषी करू नका."

मी जिन्यावर जाऊन तोंडात रुमाल कोंबला. मी लोकांना डोंगर सरकवून दाखवलेत, पण असलं गिऱ्हाईक मला कधी मिळालं नाही. परतीच्या वाटेवर मी हसतच होतो, साहेबांची नक्कल करत, "इम्पोर्टेड आहे, मामा." आबा हसले नाहीत. गाडी धरणाशी आली तेव्हा ते बाहेर पाण्याकडे बघत म्हणाले,

"पानीच हुतं."

"आबा, मला वाटलं तुमाला कळलं नसंल."

"तवाबी पानीच हुतं," ते म्हणाले. "आन् तवाबी बराबर हुतं."

माझ्याकडे कुठल्याही वळणावर सांगायला गोष्ट असते. त्या वळणावर मी नुसता गिअर बदलला.

काही दिवसांनी साहेबांचा मला फोन आला. टेरेसचा रंग एकदम पक्का बसलाय, खंडाळ्याच्या एका मित्राला तेच औषध हवंय, कुठं मिळेल? मी फोनवर हात ठेवला आणि आबांना विचारलं, काय सांगू. ते भिंतीला पाठ लावून बसले होते, रंगाला पाठ लावून, शर्टाला पिस्ता लागत नव्हता.

"संपलं म्हनावं," ते म्हणाले.